विधवा आई आणि तीन मुलांचा खर्च उचलायचा आहे : महिन्याचे 9,000 कसे वापरावेत?

सहाजण_पुणे
नमस्कार. आम्ही एका कंपनीतले सहा सहकारी. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातल्या एका कुटुंबाचा खर्च उचलायचं ठरवलं आहे. ताईंचं वय 31. पतीला कपाशीच्या वावरात साप चावला, यवतमाळच्या दवाखान्यात उपचार चालू असताना ते गेले. याला चार महिने झाले. थोरली मुलगी नववीत (14), मुलगा पाचवीत (10), धाकटी पहिलीत (6). तीन एकर कोरडवाहू, सातबारा सासऱ्यांच्या नावावर. सासू-सासरे त्याच घरात राहतात. ताई रोजमजुरीला जातात.

प्रत्येकी 1,500 म्हणजे महिन्याला 9,000 जमतात. थेट ताईंच्या खात्यावर टाकावेत की संस्थेमार्फत? शिलाई मशीन किंवा शेळ्या द्यायचा विचार योग्य आहे का? किती वर्षांची तयारी ठेवावी? आमच्यातला एक जण अमेरिकेत आहे, तिथला नागरिक आहे.

सेतू_केंद्र
पैसे पाठवण्याआधी कागद करा. कारण साधं आहे. संजय गांधी निराधार अनुदानाचे महिन्याला 1,500, आणि बालसंगोपन योजनेचे प्रत्येक मुलामागे 2,250, म्हणजे तिघांचे 6,750. मंजूर झालं तर बेरीज 8,250. जवळपास तुमच्या 9,000 इतकीच, आणि बालसंगोपन मूल 18 वर्षांचं होईपर्यंत चालतं. ताईंना आधीच लाडकी बहीणचे 1,500 येत असतील तर निराधारचे वेगळे धरू नका, दोन्ही एकत्र मिळत नाहीत.

त्याआधी एकरकमी मिळणाऱ्या गोष्टी बघा, त्यांना मुदत असते.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश बसतो, रक्कम 2 लाख. सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून कुणी परत पाठवलं तर ऐकू नका. खातेदाराच्या कुटुंबातला सातबाऱ्यावर नाव नसलेला एक सदस्यही यात पात्र आहे, वय 10 ते 75. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे 30 दिवसांत द्यायचा असतो. ती मुदत गेली आहे, तरी उशिराचं कारण लिहून प्रस्ताव द्याच आणि शिक्क्याची पोच घ्या. सोबत शवविच्छेदन अहवाल आणि दवाखान्याचे उपचाराचे कागद हवेतच.

पतीचं पासबुक भरून आणा आणि मे-जूनच्या नोंदी बघा. 436 रुपये कापलेले दिसले तर जीवन ज्योती विमा, 20 रुपये कापलेले दिसले तर सुरक्षा विमा. प्रत्येकी 2 लाख, आणि दोन्ही असतील तर दोन्ही मिळतात. सर्पदंश अपघातात धरतात, मात्र दवाखान्याच्या कागदात तसं स्पष्ट लिहिलेलं लागतं. अनेक घरांत हा विमा होता हेच कुणाला माहीत नसतं, म्हणून पासबुक आधी.

घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे 20,000, तहसीलमधून. कर्त्या माणसाचं वय 18 ते 59 असावं लागतं.

अर्ज अडकतात ते मुख्यतः तीन ठिकाणी. पहिलं, मृत्यूचा दाखला. मृत्यू यवतमाळला झाला म्हणजे नोंद तिथेच होणार, गावच्या ग्रामपंचायतीत शोधून सापडणार नाही. एकदम पाच-सहा प्रती काढा. दुसरं, नावं. ताईंच्या आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं आणि शाळेत मुलांच्या आईचं नाव तिसरंच, असं सर्रास असतं. आधी आधार दुरुस्त करा, मग बाकीचं. तिसरं, बँक. अनुदान आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातं. जुन्या बंद खात्याला आधार जोडलेलं असेल तर मंजुरी येते, पैसे येत नाहीत.

वारसनोंद
वरच्या प्रतिसादात भर. निराधार योजनेची उत्पन्नाची अट वर्षाला 21,000 आहे. ताईंचं नाव सासऱ्यांच्या रेशनकार्डावर असेल तर सगळ्या घराचं उत्पन्न एकत्र धरलं जातं आणि दाखला अडतो. म्हणून ताई आणि तीन मुलांचं विभक्त रेशनकार्ड आधी करून घ्या. यावर सासू-सासरे दुखावतात, सून वेगळी निघाली असं त्यांना वाटतं. त्यांच्यासमोर बसून समजावा की चूल एकच राहणार आहे, कागद वेगळा होतो आहे. हे न सांगता केलं तर पुढे प्रत्येक सहीला अडथळा येतो.

जमिनीचं : सासरे हयात असल्याने आत्ता वारसनोंद होणार नाही. पण उद्या ते गेले तर आधी वारलेल्या मुलाची विधवा आणि मुलं हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पहिल्या वर्गातले वारस आहेत. दीर असेल तर बक्षीसपत्राने जमीन त्याच्याकडे वळण्याची शक्यता असते. सासरे राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडून वाटप करून सुनेच्या आणि नातवंडांच्या नावावर तुकडा लावून घेणं सगळ्यांत पक्कं. तुम्ही पुण्याचे लोक यात स्वतः पडू नका. गावातली उमेदची (महिला बचत गटांचं सरकारी अभियान) सखी किंवा अंगणवाडी सेविका हे बोलू शकते. घाई केली तर घरात संशय येतो, आणि त्याचा त्रास ताईंनाच होतो.

सहाजण_पुणे
खूप आभार. मग आमचे 9,000 नेमके कशाला? आणि मशीन-शेळ्यांचं?

पाणलोट_कार्यकर्ती
पहिले सहा-आठ महिने घर चालवायला. निराधार आणि बालसंगोपनाचे पैसे मंजुरीनंतरही थांबून थांबून, कधी तीन-चार महिन्यांचे एकदम येतात. त्या मधल्या काळात किराणा उधारीवर येतो आणि सावकार दारात येतो. ती वेळ तुम्ही टाळू शकता. नंतर हळूहळू शिक्षणाकडे वळा.

थोरलीची काळजी सर्वांत आधी. बाप गेल्यावर नववी-दहावीतल्या मुलीचं लग्न लवकर उरकण्याकडे घराचा कल होतो, आणि ते जबाबदारी कमी व्हावी म्हणूनच होतं. आठवीपर्यंत पुस्तकं आणि पोषण आहार मिळतो, खरा खर्च नववीपासून सुरू होतो : परीक्षा फी, वह्या, मार्गदर्शिका, सायकल. एसटीचा पास गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे, तो काढला आहे का बघा. तिचा खर्च थेट शाळेला, दुकानाला द्या आणि घरात स्पष्ट सांगा की ही मदत ती शिकते आहे तोवर. पुढे तंत्रनिकेतन (दहावीनंतर तीन वर्षं) किंवा नर्सिंगचा एएनएम (बारावीनंतर दोन वर्षं) हे लवकर हाताला काम देणारे मार्ग आहेत. 2024 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास व आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ आहे, पण वसतिगृह आणि मेस उरतेच. तिथे तुमचा पैसा लागेल. जातीचा दाखला वडिलांच्या बाजूच्या कागदांवर निघतो. सासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच मिळवून ठेवा.

शिलाई मशीन देऊ नका, ताईंनी मागितलं नसेल तर. गावात आधीच तीन-चार असतात, ब्लाउजची शिलाई तेवढीच वाटली जाते.

शेळ्या चालतात, पण पाच दिल्या तर चारायला कोण जाणार? दहा वर्षांचा मुलगा. शाळा बुडते ती इथे. दोन गाभण शेळ्या द्या, गोठ्यात बांधून सांभाळण्याइतक्या. पावसाळ्याआधी पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या रोगांची लस, जंतनाशक, कानात बिल्ला आणि विमा. बोकड नको, गावात मिळतो. शेळी पाच महिन्यांनी विते, त्यामुळे पहिली विक्री व्हायला वर्ष तरी लागतं. ते वर्ष तुमच्या पैशात धरा.

धाकटीचं सुकन्या खातं पोस्टात काढा. दहा वर्षांच्या आतल्या मुलीलाच निघतं, किमान 250 वर्षाला. आईच पालक. अठरानंतर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत काढता येतं.

फोन गटातल्या एका बाईने करावा, ठरलेल्या दिवशी, दोन महिन्यांतून एकदा पुरे. परक्या पुरुषांचे फोन यायला लागले की गावात बोललं जातं. मदत घेतानाचे फोटो काढू नका, मुलांना ते वर्गात ऐकावं लागतं.

हिशेबतपासनीस
खात्याबद्दल. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात 50,000 च्या वर मिळालं की आयकर कायद्यात ते सगळं तिचं उत्पन्न ठरतं. कर लागणार नाही, पण 1,08,000 पासबुकात दिसले की 21,000 च्या दाखल्याच्या वेळी प्रश्न येतो. म्हणून महिन्याला 4,000 पर्यंतच खात्यावर टाका, बाकी शाळा, वसतिगृह, दुकान यांना थेट. लपवायचं काही नाही, कुणी विचारलं तर शिक्षणाची मदत आहे असं ताईंनी सांगावं.

थेट मदतीवर 80जी म्हणजे देणगीवरची करसवलत मिळत नाही, संस्थेला दिली तरच मिळते, तेही जुन्या करप्रणालीत आणि 2,000 च्या वर रोख नसेल तर. तुमच्या अमेरिकन मित्राचे पैसे संस्थेला जाणार असतील तर ती एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीची हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यात जायला हवेत. भारतीय पासपोर्टवाल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेल्या पैशाला हे लागत नाही.

धाकटी सहा वर्षांची आहे म्हणजे बारा वर्षं. सहा जणांपैकी दोघे तरी मध्येच नोकरी बदलतील. सुरुवातीलाच सहा महिन्यांचे 54,000 तुमच्या दोघांच्या संयुक्त खात्यात बाजूला ठेवा, आणि ताईंना सांगताना आकडा तेवढाच सांगा जो तुम्ही चौघे उरलात तरी देऊ शकाल.