मिनिटाला ६० शब्द: हे ठरवताना मराठी वाचनाच्या अभ्यासकांना कुणी विचारलं का?

सुरगाण्याची शिक्षिका

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. तिसरीचा वर्ग माझ्याकडे. मुलं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात, मराठी त्यांना शाळेत भेटते. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या पायाभूत साक्षरतेच्या मोहिमेचं तिसरीचं लक्ष्य तुम्हाला माहीत असेलच: अनोळखी मजकूर, मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून.

मागच्या भेटीत साहेबांनी मोबाइलवर टायमर लावला आणि एका मुलीला उतारा दिला. 'शाळेजवळच्या' या शब्दावर ती अडली. शा-ळे-ज-व-ळ-च्या असं फोडून वाचलं, थांबली, मग खिडकीतून दिसणाऱ्या आंब्याकडे बोट करून मला म्हणाली, "बाई, असा?" म्हणजे तिला कळलं होतं! नुसतं वाचता आलं एवढंच नाही, तर वाचलेलं बाहेरच्या जगाशी जोडता आलं. तोवर मिनिट संपलं. नोंद झाली, 'अपेक्षित स्तराखाली'.

मला भांडायचं नाही, समजून घ्यायचं आहे. हा आकडा कशाच्या आधारावर आला? आणि मराठी वाचनावर ज्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, त्यांचं धोरण ठरवताना कुणी ऐकतं का?

निवृत्त केंद्रप्रमुख, वाडा

ताई, आधी क्रम बघा, त्यातच बरंचसं उत्तर आहे. 'निपुण भारत' जाहीर झालं जुलै २०२१ मध्ये. ६०चा आकडा तेव्हाच मार्गदर्शक सूचनांत छापलेला होता, सगळ्या भाषांना एकच. त्यानंतर मार्च २०२२ मध्ये एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संशोधन संस्थेनं तिसरीच्या सुमारे ८६,००० मुलांची पाहणी केली, २० भाषांत, आणि वाचनवेगाचे निकष भाषेनुसार वेगवेगळे काढले. म्हणजे एक आकडा सगळीकडे चालत नाही हे जाणकारांना पक्कं ठाऊक होतं. पण लक्ष्य आधी ठरलं आणि मोजमाप नंतर झालं. भिंतीवरच्या तक्त्यावर मात्र ६०च राहिले.

आता तुमच्या त्या मुलीचाच शब्द घ्या. 'शाळेजवळच्या झाडावर' हे मराठीत दोन शब्द. हेच हिंदीत 'स्कूल के पास वाले पेड़ पर', म्हणजे सहा. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, सामान्यरूप होतं, जोडाक्षर येतं. घड्याळ लावून शब्द मोजायचे तर आपलं पोर प्रत्येक शब्दाला जास्त काम करतं. हे सांगायला मोठा भाषाशास्त्रज्ञ लागत नाही, पण ठरवताना भाषाशास्त्रज्ञ खोलीत असावा लागतो.

आणि अभ्यास नाहीत असंही नाही. माझ्याच तालुक्यात, वाड्यात, २०११ ते २०१६ या काळात 'लिरिल' प्रकल्प झाला, भारतीय भाषांमधल्या साक्षरतेवरचा. इथे मराठी, कर्नाटकात यादगीरला कन्नड. तीच मुलं पहिली ते तिसरी सलग पाहिली. दिसलं ते असं: अक्षरओळखीला वर्गात ठरवलेल्या काळापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, तिसरी संपतानाही बऱ्याच मुलांना साधे शब्द वाचता येत नाहीत, लेखन म्हणजे मुख्यतः फळ्यावरून उतरवणं, आणि अर्थावर, गप्पांवर, गोष्टींवर तासातला फारच थोडा वेळ जातो. तुमच्या-माझ्या वर्गाचं वर्णन आहे हे. मी नोकरीत असताना माझ्या टेबलावर आलेल्या एकाही परिपत्रकात या अभ्यासाचं नाव वाचलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

ऐकलं की काय होतं, तेही याच भागानं दाखवलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला. मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडीच पाड्यावर नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा चालवली. देशभर आज ज्याला अंगणवाडी म्हणतात, त्या कल्पनेचं मूळ तिथलं. फलटणला मॅक्सीन मावशींनी (भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन) १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली आणि मराठी वाचायला शिकवायचं कसं यावर आयुष्य घातलं. आपल्याकडे तज्ज्ञ आहेत. त्यांना बोलावतात ते निर्णय झाल्यावर, प्रशिक्षणाला व्याख्यान द्यायला.

लेस्टरची आई

इकडचं सांगते. इंग्लंडमध्ये वाचन शिकवण्यावरच्या २००६ च्या रोझ अहवालानंतर सरकारनं 'सिंथेटिक फोनिक्स' (अक्षरांचे ध्वनी जोडून शब्द वाचायला शिकवणं) उचलून धरलं, आणि २०१२ पासून पहिलीच्या (इयर वन) मुलांची चाचणी सुरू झाली. ४० शब्द, त्यातले २० निरर्थक, फक्त उच्चार जमतात का ते पाहायला. म्हणजे इथे तज्ज्ञांचं ऐकलं, पण एकाच मताच्या तज्ज्ञांचं. २०२२ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अभ्यासकांनी पुरावे मांडून म्हटलं की उच्चारावर असा एकांगी भर देणं योग्य नाही, अर्थही सोबत हवा. सरकार ढिम्म हललं नाही. माझी मुलगी ते निरर्थक शब्द खणखणीत वाचायची, पण गोष्टीत पुढे काय झालं विचारलं की गप्प. तेव्हा 'तज्ज्ञ घेतले' एवढ्यावर समाधान मानू नका, कोणते घेतले तेही विचारा.

गणिताचा मास्तर, कराड

दुसरी बाजूही मांडतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात संख्यावाचनाची नवी रीत आली, पंचवीसला जोडीनं 'वीस पाच'. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. कारण रास्त होतं: आपण बोलताना पाच आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी, पोरं गोंधळतात, शिवाय जोडाक्षरांचा त्रास. जुनी रीत काढलीही नव्हती. तरी केवढा गदारोळ झाला, विधानसभेतसुद्धा कोट्या झाल्या. पालकांना आणि आम्हा शिक्षकांना ते कळलं वर्तमानपत्रांतून. इतकी विचारपूर्वक केलेली गोष्ट, पण वर्गापर्यंत कुणी नीट पोचवलीच नाही. जाणकाराचं ज्ञान कागदावर आणून सोडून दिलं तर त्याचं असंच होतं.

सुरगाण्याची शिक्षिका

सर, सगळ्यांचे मनापासून आभार. मी ठरवलंय, नोंदवहीत वेळेच्या रकान्याशेजारी अर्थाचा रकाना काढायचा. पण वरून आलेल्या नमुन्यात तो नाही. मांडू कुठे?

निवृत्त केंद्रप्रमुख, वाडा

केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत मांडा. 'समजलं / नाही समजलं' अशी खूण नको. मुलानं काय वाचलं, ते कुठे अडलं आणि त्यानं काय विचारलं हे त्याच्याच शब्दांत लिहा, कोकणा बोलीत बोललं तर त्याच बोलीत. शेजारच्या दोन शाळांनाही तसंच करायला सांगा, एकट्या बाईची तक्रार म्हणून बाजूला पडता कामा नये. आणि डाएटचे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे) अधिव्याख्याते कोणत्या महिन्यात येणार ते केंद्रप्रमुखांना आधी विचारून ठेवा, विषय त्याच महिन्यात घ्या.