क्लिक येतात, चौकशी येत नाही: कीवर्ड निवडताना काय चुकत असावे?

प्रश्न

कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करण्याच्या माझ्या व्यवसायासाठी मी दोन महिन्यांपासून गुगल अॅड्सवर सर्च जाहिराती चालवत आहे. कीवर्ड प्लॅनर या गुगलच्या साधनातून सर्वाधिक शोधले जाणारे सुमारे २०० कीवर्ड (म्हणजे ज्यांच्या शोधावर जाहिरात दिसावी ते शब्द) उचलले आणि सगळे एकाच अॅड ग्रुपमध्ये, म्हणजे त्याच जाहिराती दाखवणाऱ्या एका गटात, टाकले. ‘कॅमेरा’, ‘कॅमेरा लेन्स’ आणि ‘डीएसएलआर’ हे त्यांतले सर्वांत मोठे. रोजचे बजेट संध्याकाळपर्यंत संपते आणि क्लिकही भरपूर दिसतात, परंतु चौकशीचा फॉर्म भरणारे बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. कीवर्ड आणखी वाढवावेत की कमी करावेत?

उत्तर १

तो निर्णय घेण्याआधी सर्च टर्म्स रिपोर्ट, म्हणजे लोकांच्या कोणत्या शोधांवर जाहिरात दिसली त्याची यादी, उघडून पाहा. आपण खात्यात टाकतो तो कीवर्ड वेगळा आणि समोरचा माणूस शोधताना प्रत्यक्ष जे टाइप करतो ते वेगळे; पैसे या दुसऱ्या गोष्टीचे जातात. कोणतेही चिन्ह न लावता टाकलेला कीवर्ड ब्रॉड मॅच (विषयाशी संबंधित कोणत्याही शोधावर जाहिरात) धरला जातो, अवतरणचिन्हांत टाकलेला फ्रेज मॅच (तो अर्थ ज्यात आहे अशा शोधांवर) आणि चौकटी कंसात टाकलेला एक्झॅक्ट मॅच (नेमक्या त्याच अर्थाच्या शोधांवर). आपले २०० कीवर्ड बहुधा चिन्हांविनाच असावेत.

शोधांची संख्या पाहून कीवर्ड उचलणे ही मूळ चूक आहे, असे माझे मत आहे. नुसते ‘कॅमेरा’ शोधणाऱ्याला नवा कॅमेरा घ्यायचा असेल, मोबाइलची तुलना करायची असेल किंवा शाळेसाठी निबंध लिहायचा असेल. आपल्याला ते कळण्याचा मार्ग नाही. उलट ‘लेन्सला आतून बुरशी लागली आहे’ किंवा ‘कॅमेऱ्याचे शटर अडकले’ असे लिहिणारे थोडेच असतील, पण त्यांच्या हातात बिघडलेली वस्तू आहे आणि ती कोणाकडे द्यावी हेच ते विचारत आहेत.

उत्तर २

वरच्या उत्तराशी बहुतांशी सहमत आहे, मात्र ब्रॉड मॅच सरसकट वाईट म्हणता येणार नाही. फॉर्म भरला गेल्याची नोंद कन्व्हर्जन ट्रॅकिंगमधून खात्यात व्यवस्थित येत असेल आणि बोली (प्रत्येक क्लिकसाठी किती मोजायचे ती रक्कम) त्या नोंदींवर आधारित स्वयंचलित असेल, तर आपल्याला न सुचलेले शब्दप्रयोग ब्रॉड मॅचमुळेच सापडतात. ती नोंदच नसेल, तर यंत्रणेला फक्त क्लिक दिसतात. शिवाय एक्झॅक्ट मॅचही आता नावाइतका काटेकोर राहिलेला नाही. २०१८ पासून समान अर्थाच्या शोधांवरही तो जाहिरात दाखवतो.

माझा मुख्य आक्षेप एकाच अॅड ग्रुपला आहे. क्वालिटी स्कोअर, म्हणजे कीवर्डच्या जाहिरातीचा दर्जा सांगणारा १ ते १० या मापातला आकडा, तीन गोष्टींवरून ठरतो: जाहिरातीवर क्लिक होण्याची शक्यता, शोधाशी जाहिरातीचा संबंध आणि लँडिंग पेजचा (क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानाचा) अनुभव. बुरशीबद्दल विचारणाऱ्याला ‘सर्व प्रकारची कॅमेरा सेवा’ अशी जाहिरात दाखवून मुख्य पानावर नेले, तर यांतले काहीच साधत नाही. बुरशी, शटर आणि पाण्यात पडलेला कॅमेरा यांचे ग्रुप निराळे करा आणि प्रत्येकाला त्याचे पान द्या.

प्रश्नकर्ता

रिपोर्ट पाहिला आणि खजील झालो. सर्वाधिक खर्च ‘सीसीटीव्ही कॅमेरा बसवणे’ या शोधावर झाला आहे. त्याखाली ‘कॅमेरा दुरुस्ती कोर्स’ आणि ‘डीएसएलआर किंमत’ आहेत. ‘सीसीटीव्ही’, ‘कोर्स’ आणि ‘किंमत’ हे तिन्ही निगेटिव्ह कीवर्ड (ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसू नये ते शब्द) म्हणून टाकू का?

उत्तर ३

पहिले दोन आजच टाका, तिसऱ्याबाबत थांबा. मीही एकदा, नुसती चौकशी करून जाणारे लोक टाळावेत म्हणून, ‘किंमत’ हा शब्द निगेटिव्हमध्ये टाकला होता, आणि फॉर्म आणखी कमी झाल्यावर लक्षात आले की ‘दुरुस्तीची किंमत’ विचारणारे माझे खरे ग्राहकच मी बाहेर ठेवले होते. त्याऐवजी ‘डीएसएलआर किंमत’ हा पूर्ण शब्दप्रयोग एक्झॅक्ट निगेटिव्ह म्हणून टाकावा.

दुसरे असे की, निगेटिव्ह कीवर्ड समानार्थी शब्दांपर्यंत किंवा अनेकवचनापर्यंत आपोआप पोचत नाहीत. ‘कोर्स’ अडवल्याने ‘प्रशिक्षण’ किंवा ‘क्लास’ अडत नाही. ते स्वतंत्रपणे टाकावे लागतात. तसेच, फार थोड्या लोकांनी केलेले शोध २०२० पासून रिपोर्टमध्ये दाखवले जात नाहीत, त्यामुळे ओळींची बेरीज एकूण क्लिकशी जुळली नाही, तर हिशेब चुकला असे समजू नये.

नव्या कीवर्डसाठी प्लॅनरपेक्षा आतापर्यंत आलेले मोजके फॉर्म पुन्हा वाचा. आपण ‘ऑटोफोकस मोटर निकामी’ म्हणतो, ग्राहक मात्र ‘लेन्स करकर आवाज करते आणि फोटो धूसर येतो’ असे लिहितो, आणि शोधतानाही तो हेच टाइप करत असण्याची शक्यता अधिक आहे.