‘तू नक्की कोणाचा?’ – मधल्यामध्ये अडकलेल्यांचे अनुभव

फेब्रुवारी २०२४ मधल्या एकाच आठवड्यात मला दोन पदव्या मिळाल्या. सोमवारी घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, आईचा पासपोर्ट नऊ दिवसांत घरपोच आला, पूर्वी एजंटाशिवाय पान हलत नव्हतं. आतेभावाचं तत्काळ उत्तर: ‘झालास का तूही भक्त?’ गुरुवारी, १५ तारखेला, सुप्रीम कोर्टाने निवडणूक रोखे (पक्षांना नाव उघड न करता देणगी द्यायची सोय) घटनाबाह्य ठरवले. मी एवढंच लिहिलं की २०१८ पासून कोणी कोणाला किती पैसे दिले हे मतदारापासून लपवणं मुळातच चूक होतं. त्यावर धाकट्या काकांनी ‘आले फुरोगामी’ म्हणून हात जोडलेला इमोजी टाकला. नव्वद माणसांचा ग्रुप. पासपोर्टबद्दल कोणी बोललं नाही, रोख्यांबद्दलही नाही. बहुतेक मोठ्या पक्षांनी ते वटवले होते, पण तिथपर्यंत गाडी पोचलीच नाही. मी नक्की कोणाचा, यावर मात्र रात्री साडेअकरापर्यंत चर्चा चालली.

तेव्हापासून मनात होतं की असे अजून किती जण असतील? सरकारशी गाठ पडते, चिडचिड होते, तोंड उघडावं तर आधी बाजू सांगा म्हणतात. त्यांच्यासाठी हा धागा. अट एकच: पक्षाचं नाव घ्यायचं नाही. स्वतःवर बेतलेलं किंवा डोळ्यांनी पाहिलेलं लिहा, चॅनेलवर ऐकलेलं नको. लांबीला मर्यादा नाही, टोपणनावाने लिहिलं तरी चालेल.

सातवा मजला

माझ्याकडे कामाला येतात त्या मावशींच्या सुनेचं नाव रेशनकार्डावर घालायचं होतं. लग्नाला तीन वर्षं झालेली, पदरी एक मुलगा. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला, आधार, लग्नाचं प्रमाणपत्र, सगळं मी स्वतः फायलीत लावून दिलं. मावशी दोनदा रोज बुडवून जाऊन आल्या. तिसऱ्यांदा मी बरोबर गेले. खिडकीतल्या बाईंनी फाईल चाळली, कागद पूर्ण आहेत म्हणाल्या. ‘नाव चढवते. पण धान्य नाही मिळणार. इष्टांक शिल्लक नाही.’

इष्टांक हा शब्द मी बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकला. घरी येऊन शोधून काढलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ग्रामीण भागातल्या ७५ टक्के आणि शहरांतल्या ५० टक्के लोकांना स्वस्त धान्य द्यायचं ठरलं. टक्के कशाचे, तर २०११ च्या जनगणनेतल्या लोकसंख्येचे. त्यावरून राज्याराज्याचा आकडा, म्हणजेच इष्टांक, ठरला, महाराष्ट्राच्या वाट्याला साधारण सात कोटी. त्याच्या फोडी करत करत तो आमच्या खिडकीपर्यंत आला. २०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे ढकलली ती ढकललीच. कोविड गेला, निवडणुका झाल्या, कुंभमेळा झाला. आता जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. मावशींचा नातू तोवर शाळेत जायला लागलेला असेल.

तोपर्यंत जागा कशी रिकामी होणार? कोणी मेलं किंवा कोणाचं कार्ड रद्द झालं तर. खिडकीतल्या बाई काही वाईट नव्हत्या, त्यांच्या हातात काहीच नव्हतं. ‘महिन्या-महिन्याने येऊन विचारत जा,’ म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की कोणी मेलं का, ते विचारायला जायचंय.

हे मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. जनगणना इतकी का रखडली याबद्दल आपण सगळ्यांनी मिळून खासदारांना एक पत्र देऊ या, असं सुचवलं. पहिला प्रतिसाद दुसऱ्या मजल्यावरून: ‘काकू, तुम्हाला जातनिहाय हवी की नको, ते आधी क्लिअर करा.’ मी लिहिलं, मला डोकी मोजून हवी आहेत. त्यावर कोणीतरी हसण्याचा इमोजी टाकला आणि विषय पार्किंगवर गेला.

उन्हाळ कांदा

काकू, तुमचं वाचून पोटात कालवलं. आमचं उलटं आहे, आमच्याकडे धान्य... म्हणजे कांदा होता आणि खिडकी बंद.

८ डिसेंबर २०२३. लाल कांद्याचा ट्रॅक्टर भरून पहाटे बाजार समितीत लावला होता. आठवडाभर भाव बरा होता, त्यामुळे मजुरांना उचल देऊन काढणी रेटली होती. चहा घेत असताना शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याने मोबाइल पुढे केला: निर्यातबंदी. आजपासून. लिलाव पुकारायला कोणी आलंच नाही. चांदवडला पोरं हायवेवर बसली. मी ट्रॅक्टर परत घरी आणला. भरलेला ट्रॅक्टर परत आणताना वाटेत गावातला प्रत्येक जण बघतो, ते सांगता येत नाही. दोन आठवड्यांनी तोच माल निम्म्याहून कमी भावात दिला. कांदा थांबत नाही, कोंब फुटतात.

आता माझं म्हणणं ऐका. शहरातला कांदा ८० रुपयांवर गेला की ओरड होते, ती खोटी नाही. माझी बहीण डोंबिवलीत राहते, मला कळतं. सरकारला काही करावं लागेल हेही कळतं. पण रात्रीत का? पेरणीच्या आधी सांगा की भाव अमुकच्या वर गेला तर निर्यातीला लगाम लावू. मग मी कांदा किती लावायचा ते ठरवीन, मका लावीन. ही सवय एका सरकारची असती तर मी त्या सरकारला शिव्या घालून मोकळा झालो असतो. डिसेंबर २०१० ला बंदी आली तेव्हा दिल्लीत दुसरे होते. सप्टेंबर २०२० ला हे होते, २०२३ ला हेच. विरोधात असले की सगळ्यांना कांद्याची माळ घालून सभागृहाबाहेर फोटो काढता येतो.

सगळ्यात जास्त काय झोंबलं सांगू? एप्रिल २०२४ मध्ये, आमची बंदी चालू असताना, गुजरातेतल्या पांढऱ्या कांद्याला २,००० टन निर्यातीची परवानगी मिळाली. मग ओरड झाल्यावर ४ मेला बंदी उठली, आमच्याकडे मतदान २० मेला. उठली म्हणजे कशी, तर टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखाली बाहेर विकायचाच नाही, आणि वर ४० टक्के शुल्क. दार उघडलं आणि उंबऱ्यावर खाट टाकली. ते शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

पारावर हे बोललो तर एक जण म्हणाला, ‘मग तुमची किसान सन्मानची २,००० परत करा.’ दुसऱ्या टोकाचा लगेच म्हणाला, ‘या आमच्या मोर्च्यात, झेंडा देतो.’ मला हप्ताही मुकाट घ्यायचा नाही आणि झेंडाही नको.

टोरांटोची थंडी

आमचं छोटंसंच. भारतीय पासपोर्ट अजून आहे, परदेशस्थ मतदार म्हणून नावही नोंदवलंय. पण मत द्यायला स्वतः तिथल्या केंद्रावर हजर राहावं लागतं. मे महिन्याच्या तिकिटाचे दर बघून मतदान राहिलं. इथल्या मराठी मंडळात जे सगळ्यात तावातावाने भांडतात, त्यांतल्या निम्म्यांनी तर केव्हाच नागरिकत्व बदललंय. असो.

धागाकर्ता: दोन प्रतिसाद उडवले. एकात पक्षाचं नाव होतं. दुसऱ्यात नाव नव्हतं, पण फूल, हात, घड्याळ, मशाल असं सगळं इतक्या वेळा आलं होतं की बालवाडीचा तक्ता वाटला. कृपया अट पाळा.

मांडवीपलीकडचा

गोव्यातून लिहितोय. तुम्ही म्हणता कोणाचा ते सांगा. आम्ही सांगतो हो, मतपेटीत सांगतो, पण उपयोग काय? २०१९ च्या जुलैत विधानसभेतल्या मुख्य विरोधी पक्षाच्या १५ पैकी १० आमदारांनी सत्ताधारी पक्षात उडी मारली. पक्षांतरबंदी कायद्यातून सुटायला दोन तृतीयांश लागतात. पंधराचे दोन तृतीयांश किती? बरोब्बर दहा. त्यामुळे पुढच्या वेळी, जानेवारी २०२२ मध्ये, त्या पक्षाने उमेदवारांना देवळात, क्रॉसपाशी आणि दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. तिन्ही ठिकाणी. माझी आई टीव्हीसमोर म्हणाली, देवाला कशाला मधे ओढतात. निवडून आले ११. १४ सप्टेंबर २०२२ ला त्यातले ८ गेले. अकराचे दोन तृतीयांश सात पूर्णांक काहीतरी, म्हणून आठ. देव चुकेल, त्रैराशिक चुकलं नाही.

पूर्वी एक तृतीयांश फुटले तरी चालायचं. २००३ च्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बंद केली आणि दोन तृतीयांशांची, विलीनीकरणाची, तेवढी ठेवली. म्हणजे एकट्याने केलं तर गुन्हा, टोळीने केलं तर विलीनीकरण. तुमच्या महाराष्ट्रातलं मी काय सांगू, तिथे तर माणसं चिन्हासकट गेली.

त्या दहातल्या एकाला मी मत दिलं होतं. तो गेला त्या पक्षालाही मी कधीकाळी मत दिलंय. त्याचं दुःख नाही. मधल्या मधे माझं मत दुसऱ्याच्या खात्यात जमा झालं, आणि बँकेसारखा एसेमेससुद्धा आला नाही.

लेथ मास्तर

वय ७१. कारखाना बंद पडला, नाव सांगत नाही. ईपीएस-९५ चं, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या योजनेचं, पेन्शन महिना १,८४० रुपये. हसू नका, माझ्याहून कमी असलेले पुष्कळ आहेत. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे, ते आजतागायत तिथेच. २०१३ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने किमान ३,००० करा अशी शिफारस केली होती. त्या समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी. पुढे ते आपल्याकडे राज्यपाल होऊन आले, तीन-साडेतीन वर्षं राहिले, गेले. आम्ही १,००० वरच. तेव्हा विरोधात होते ते सत्तेत आले, सत्तेतले विरोधात गेले, आणि आमच्या मेळाव्यात दोघंही पाठिंबा देऊन जातात. पाठिंब्याची पत्रं माझ्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत आहेत, सगळ्या रंगांची.

मार्च २०२५ मध्ये माजी खासदारांचं पेन्शन २५,००० वरून ३१,००० झालं. त्यासाठी सभागृहात कोणी कागद फाडलेले मी पाहिले नाहीत. आणि मी संसदेचं चॅनेल बघतो, दुसरा उद्योग नाही. २०१० चं अख्खं हिवाळी अधिवेशन टू-जी स्पेक्ट्रम घोटाळ्यावरच्या गोंधळात वाहून गेलं ते पाहिलं. २०२३ च्या हिवाळ्यात १४६ खासदार निलंबित झाले आणि फौजदारी कायद्यांची तिन्ही विधेयकं त्याच आठवड्यात मंजूर झाली तेही पाहिलं. पहिल्या वेळी मी विरोधकांना शिव्या दिल्या, दुसऱ्या वेळी सरकारला. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही पार्टी बदलली. अरे, माझी खुर्ची तीच आहे, समोरचे जागा बदलतात.

हयातीच्या दाखल्याला यंत्रावर अंगठा उमटत नाही. पस्तीस वर्षं लोखंड कापून रेषाच राहिल्या नाहीत. आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो. नातीने करून दिलं, दोन मिनिटांत झालं. ही सोय चांगली केली, ते म्हणायला मला लाज वाटत नाही.

झेडपीचे गुरुजी

मी केंद्राध्यक्ष होतो, लोकसभेला. मतदान सकाळी सातला, म्हणून साडेपाचला मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान. किमान ५० मतं टाकून दाखवायची, निकाल जुळवायचा, मशीन ‘क्लिअर’ करायचं, व्हीव्हीपॅटमधल्या (मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या) चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सीलबंद करायच्या. पाच उमेदवारांचे प्रतिनिधी हजर होते, झोपेतून उठून आलेले. एकाने डोळे चोळत मला विचारलं, गुरुजी, सही कुठे करू?

दिवसभर ऊन. पंखा एक, तो मशीनकडे. संध्याकाळी सहाला रांगेत २३ माणसं होती. शेवटच्या माणसापासून सुरुवात करून चिठ्ठ्या वाटल्या, म्हणजे मागून कोणी घुसायला नको. शेवटचं मत पडलं तेव्हा पावणेसात. मग नमुना १७-सी भरायचा. केंद्रावर एकूण किती मतं पडली त्याचा हिशोब, आणि त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला. मी मान वर केली तर पाचातले दोनच उरलेले. त्यातला एक म्हणाला, फोटो काढून पाठवा ना, मला बस आहे.

निकालानंतर साडू म्हणतो मशिनं सेट आहेत. मी विचारलं, तुमच्या माणसाने माझ्याकडून १७-सी का नेला नाही? मोजणीच्या टेबलावर तोच आकडा ताडून बघायचा असतो. तो म्हणाला, तू त्यांचाच माणूस. मग शाळेत दुसरे मास्तर भेटले. मी म्हटलं, हे केंद्रनिहाय आकडे आयोगाने त्याच रात्री संकेतस्थळावर टाकले तर काय बिघडेल? संशय तरी फिटेल. ते म्हणाले, देशाची बदनामी करू नका. दोघांनीही १७-सी कधी पाहिलेला नव्हता. मी भरताना कार्बन उलटा लागला म्हणून दोनदा भरला होता, माझ्या तो स्वप्नात येतो.

सातवा मजला

गुरुजी, ती प्रत साध्या मतदाराला मिळते का?

झेडपीचे गुरुजी

नाही, प्रतिनिधीलाच. पण ताई, प्रतिनिधी व्हायला पक्षाचं सभासद असावं लागत नाही. उमेदवाराने नेमायला लागतं, आणि शक्यतो त्याच केंद्राच्या यादीतला मतदार असावा.

सातवा मजला

म्हणजे परत कोणाचं तरी व्हायचंच.

झेडपीचे गुरुजी

अपक्ष असतात की दहा-बारा. त्यांना केंद्रावर बसायला माणूस मिळत नाही, विचाराल तर आनंदाने पत्र देतील. पहाटे साडेपाचला यावं लागेल आणि १७-सी हातात पडेपर्यंत उठायचं नाही. डबा आणि पाणी घरून आणा, आमच्याच जेवणाचे वांधे असतात.

लेथ मास्तर

मी येतो. मला बस नाही.