गरम पाण्याचे झरे, ओपनस्ट्रीटमॅप आणि नुसता आकडा

सह्यभटक्या:
कोकणातले गरम पाण्याचे झरे ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणालाही भर घालता येते असा खुला नकाशा) नीट चढवायचं काम सध्या अंगावर घेतलंय. उन्हवरे, तुरळ, राजवाडी, पालीजवळचं उन्हेरे, राजापूरजवळचं उन्हाळे, अकलोली-गणेशपुरी. (निम्म्या गावांच्या नावातच 'ऊन' बसलंय, नोंद आपल्या आधीच झालीय.) जागा दाखवणं सोपं. घोडं अडतं ते तापमानाच्या टॅगपाशी, म्हणजे जागेला जोडलेल्या माहितीच्या रकान्यापाशी. कुणी '५०' लिहितं, कुणी '५० अंश से.', कुणी '४५-५०', आणि एका महाभागाने 'हात घालवत नाही' असं लिहिलंय.

माझं मत: नुसता आकडा, सेल्सिअसमध्ये, इंग्रजी अंकांत. एकक नको नि अंशाचं चिन्ह तर नकोच. ते चिन्ह दिसायला एक असलं तरी कीबोर्डागणिक वेगळं उमटतं. कुठे खरं अंशचिन्ह, कुठे स्पॅनिशमधला क्रमवाचक छोटा 'ओ', कुठे चिन्ह आणि 'सी' मिळून एकच अक्षर. डोळ्याला फरक कळत नाही. प्रोग्रामला मात्र ती तीन वेगळी मूल्यं वाटतात. याच नकाशावर रस्त्याच्या वेगमर्यादेला एकक नसेल तर किमी प्रति तास धरतातच ना? तसंच हे.

बेएरियाकर:
साफ असहमत. वेगाचंच उदाहरण पूर्ण घ्या की. ब्रिटन-अमेरिकेत आकड्यानंतर जागा सोडून मैलांचं एकक लिहितात आणि ते चालतं. इथे अमेरिकेत झऱ्यांच्या पाट्यांवर फॅरनहाइट असतं. पाटीवर १४५ असेल तर मी ६२.८ लिहू? दशांश बघून वाचणाऱ्याला वाटेल, कुणी तरी फार काटेकोर मोजलंय. पाटी लावणाऱ्याने बहुधा पाचाच्या पटीत गोळाबेरीज केलेली असते.

आणि नुसता '९५' दिसला तर काय समजायचं? फॅरनहाइट असेल तर ३५ सेल्सिअस, म्हणजे मुलांना डुंबायला सोडावं असं कोमट. सेल्सिअस असेल तर हिमाचलातलं मणिकर्ण, जिथे कुंडात पोटली सोडून लंगरचा भात शिजवतात. दोन्ही खरे झरे आहेत, त्यामुळे आकडा बघून चूक पकडताही येत नाही.

सह्यभटक्या:
भारतात फॅरनहाइट लिहितं कोण?

बेएरियाकर:
तुमच्या घरी ताप मोजतात तेव्हा '१०२ आहे' म्हणतात की '३९'? नागपूरचा पारा ४५ आणि पोराचा ताप १०२, दोन्ही एकाच घरात, एकक न उच्चारता.

सह्यभटक्या:
हा टोला मान्य. तरी एकक सक्तीचं केलं की लोक ते पन्नास प्रकारे लिहिणार. 'से.', 'सेल्सि.', 'डिग्री'. फॅरनहाइटवाल्यांनी एकक लिहावं, बाकीच्यांनी आकडा. अपवादाने स्वतःची ओळख सांगावी.

दापोलीकरीण:
तुमचं एककाचं भांडण चालू द्या, पण मोजता कुठे ते कुणीच बोललं नाही. उन्हवऱ्याला पाणी जमिनीतून येतं तिथे सत्तरच्या आसपास. तेच पुढे कुंडात साठून निवतं, तेव्हा लोक अंघोळ करतात. एकाने उगमाचा आकडा लिहिला, दुसऱ्याने कुंडाचा, दोघंही सेल्सिअसवाले, दोघंही बरोबर! मग कुणी शहाणा येऊन सरासरी काढतो, आणि जे तापमान त्या गावात कुठेच नाही ते नकाशावर लागतं.

आमच्याकडे 'ऊन पाणी' म्हटलं की माणूस बोट बुडवून बघतो. तुमच्या ॲपवाल्याचं बोट ओलं होत नाही.

बेएरियाकर:
+१. उगम आणि कुंड हे दोन वेगळे बिंदू काढा, प्रत्येकाला आपला आकडा. एकक मात्र दोन्हींना.

रिकामटेकडा:
तापमान नकाशावर हवंच कशाला? रस्ता हलत नाही, देऊळ हलत नाही. पाणी ऋतूप्रमाणे बदलतं. 'कोमट' किंवा 'कढत' पुरे.

दापोलीकरीण:
पुरे नाही. साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, पंचेचाळीसला माणूस 'हाय हाय' करत का होईना उतरतो. तुमच्या यादीत दोन्ही 'कढत'. लहान मूल बरोबर असलेल्याला हा फरक आधी कळायला हवा. बदलतं म्हणून तर मोजल्याची तारीख सोबत टाकायची.

सह्यभटक्या:
उगम-कुंड वेगळे करणं आणि तारीख, दोन्ही घेतो. '४५-५०' अशी जोडीही काढून टाकतो, कारण ती बहुतेक याच गोंधळातून आलीय. एककाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.

बेएरियाकर:
माझंही. तुमच्या नोंदींमागे मी एकक जोडत फिरणार नाही, एवढा शब्द देतो.

दापोलीकरीण:
उन्हवऱ्याचं मी मोजते. तापाचा थर्मामीटर नेऊ नका कुणी, तो बेचाळीसच्या पुढे जात नाही. पाक बघायचा असतो तो न्या. अकलोली-गणेशपुरीचं तेवढं पाऊस ओसरल्यावर बघा. नदीपात्रातली कुंडं सध्या तानसेच्या पोटात आहेत.