मदत हवी आहे : येऊ घातलेल्या इंडी गेम्सपैकी विशलिस्टमध्ये काय ठेवावे?

नमस्कार मंडळी,

लहान चमूंनी घडवलेल्या आणि अजून विक्रीस न आलेल्या इंडी गेम्सपैकी स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातील माझ्या विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या गेम्सच्या यादीत, कोणते ठेवावेत व कोणते काढावेत, याविषयी मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

मी फोंड्याजवळच्या एका गावात राहतो. माझ्याकडे वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा लॅपटॉप, एक कंट्रोलर आणि बऱ्यापैकी चालणारे इंटरनेट आहे. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे ज्यात प्रगती वरचेवर जतन होते असे गेम मला सोयीचे पडतात. माझ्याबरोबर खेळते ती माझी पुतणी. ती सातवीत आहे आणि प्राथमिक शिक्षण मराठीतून झाल्यामुळे इंग्रजी मजकूर सावकाश वाचते. मे महिन्याच्या सुट्टीत म्हापसा आणि डिचोलीहून भाचरे येतात, तेव्हा सगळ्यांना मिळून खेळता येईल असेही काहीतरी हवे असते.

यादी मोजकी ठेवण्याचा माझा आग्रह का आहे, तेही सांगतो. गेम प्रसिद्ध झाला, किंवा पुढे त्यावर वीस टक्के अथवा त्याहून अधिक सवलत लागली, की विशलिस्टमध्ये तो ठेवणाऱ्यांना स्टीमकडून ईमेल जाते. स्टीमच्या दुकानात लोकप्रिय आगामी गेम्सची जी यादी दिसते, तिच्यातही या नोंदी विचारात घेतल्या जातात. जाहिरातीवर खर्च करण्याची ऐपत नसलेल्या दोघा-तिघांच्या चमूला याचा खरा हातभार लागतो. म्हणून दिसेल त्या देखण्या ट्रेलरवर बटण दाबत सुटणे मला पटत नाही. ज्याची आपण खरोखर वाट पाहणार आहोत, त्यालाच ती नोंद मिळावी.

आता आजवर बनलेली मते मांडतो.

सर्वांत ठाम मत 'मीना द हॉलोअर'विषयी झाले आहे. 2014 साली 'शव्हल नाइट' देणाऱ्या यॉट क्लब गेम्सचा हा गेम वरून दिसणाऱ्या जुन्या साहसी खेळांच्या वळणाचा असून त्याचे चित्रण गेम बॉय कलर या जुन्या हातातल्या गेमयंत्राच्या काळातले आहे. रंग मोजके आणि आकृत्या चिमुकल्या असूनही पडद्यावर कुठे काय आहे, हे पाहताक्षणी कळते. डेमोमध्ये, म्हणजे आधी खेळून पाहण्यासाठी दिलेल्या छोट्या भागात, मला जिंकले ते एका हालचालीने. बटण दाबून धरले, की मीना ही उंदरीण जमिनीत शिरते, थोडे अंतर मातीखालून सरपटत जाते आणि मग उसळी घेऊन बाहेर येते. शत्रूच्या वारातून निसटणे, खड्डा ओलांडणे आणि अडथळ्याच्या पलीकडे निघणे ही तिन्ही कामे त्या एकाच कृतीने होतात. पुतणीला ही हालचाल कोणी समजावून सांगावी लागली नाही. काही वेळातच ती मुद्दाम शत्रूच्या पायाखालून जाऊन त्याच्या पाठीमागे निघू लागली. अडचण एवढीच, की गेम कठीण आहे आणि मार खाल्ल्यावर बरेच अंतर पुन्हा चालावे लागते. तो 31 ऑक्टोबर 2025 रोजी यायचा होता, पण ऐनवेळी निर्मात्यांनी तारीख पुढे ढकलली. अशा विलंबाने माझा उत्साह कमी होत नाही, कारण जे हातात आले ते अत्यंत निगुतीने केलेले आहे.

'फिशबोल' याच्या अगदी उलट प्रकृतीचा आहे. घरून काम करणारी, आजीच्या निधनाचे दुःख पचवणारी आलो नावाची एकवीस वर्षांची मुलगी, तिचे एक महिन्याचे आयुष्य, जिवलगांशी होणारे व्हिडिओ कॉल आणि आजीच्या सामानाची खोकी उघडताना जाग्या होणाऱ्या आठवणी, असा त्याचा विषय आहे. हा भारतीय गेम प्लेस्टेशनच्या इंडिया हीरो प्रोजेक्ट या भारतीय निर्मात्यांना साहाय्य करणाऱ्या उपक्रमात निवडला गेला होता. दात घासणे, भांडी आवरणे अशा बारीकसारीक कामांना त्यात जे महत्त्व दिले आहे, ते मला फार भावले. दुःखात माणसाचे नेमके तेच राहून जाते. मात्र यात वाचन पुष्कळ आहे, आणि सातवीतल्या मुलीने तो एकटीने खेळावा की मोठ्यांनी सोबत बसावे, हे मला ठरवता येत नाही.

'हॉन्टेड चॉकलेटियर'चे नाव यादीत आहे, पण ते केवळ विश्वासावर. 'स्टारड्यू व्हॅली' एकहाती घडवणाऱ्या एरिक बॅरोन यांनी 2021 च्या ऑक्टोबरमध्ये तो जाहीर केला. झपाटलेल्या वाड्यात राहून चॉकलेटचे दुकान चालवणे, ही कल्पना मोहक आहे. डेमो मात्र खेळायला मिळालेला नाही, त्यामुळे मताला आधार नाही. मुंबईच्या अंडरडॉग्स स्टुडिओचा 'मुक्ती' संग्रहालयात घडतो आणि मानवी तस्करीसारखा गंभीर विषय हाताळतो. तो मी स्वतःसाठी ठेवला आहे, मुलांसाठी नव्हे.

राहिला 'बिग वॉक'. 'अनटायटल्ड गूस गेम' करणाऱ्या मेलबर्नच्या हाऊस हाऊसने 2023 च्या डिसेंबरमध्ये त्याची घोषणा केली. मित्रांनी मिळून मोकळ्या माळावर भटकायचे, एकमेकांशी बोलत कोडी सोडवायची आणि दूर गेले की एकमेकांचा आवाजही ऐकू येईनासा होतो, असे त्याचे स्वरूप आहे. सुट्टीतल्या मुलांसाठी याहून योग्य काही मला सुचत नाही, परंतु त्रिमितीय गेम माझ्या लॅपटॉपला पेलेल का, आणि प्रत्येकाला स्वतंत्र प्रत घ्यावी लागेल का, ही काळजी आहे.

तेव्हा कृपया एवढे सांगावे : डेमोवरून पूर्ण गेमचा अंदाज आपण कसा बांधता, तारखा वरचेवर पुढे जाणारे गेम यादीत किती काळ ठेवावेत, आणि वरच्या परिस्थितीत 'बिग वॉक'चा विचार करावा का?

प्रतिसाद : म्हापसेकर

आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो. स्टीम फॅमिलीज या सोयीमुळे एका घरातील सहा जणांपर्यंत सदस्यांना एकमेकांचे बहुतेक गेम वापरता येतात, परंतु एका प्रतीवर एका वेळी एकालाच खेळता येते. शिवाय ती सोय एकाच घरात राहणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे डिचोलीची भाचरे तिच्यात बसणार नाहीत. ऑनलाइन मिळून खेळायच्या गेमसाठी साधारणतः प्रत्येकाकडे प्रत लागते, हे धरून चालावे. याउलट, ज्या गेममध्ये एकाच पडद्यासमोर बसून दोघांना खेळता येते, तिथे एक प्रत आणि दुसरा कंट्रोलर पुरतो; दूरचा खेळाडू असेल तर रिमोट प्ले टुगेदरने त्याला आपल्या खेळात बोलावता येते, त्याच्याकडे प्रत असण्याची गरज नसते. स्टीमवर गेम शोधताना 'एकाच पडद्यावर सहकार्य' ही चाळणी लावून पाहावी. सुट्टीसाठी मी तोच मार्ग सुचवेन.

लॅपटॉपविषयी म्हणाल, तर दुकानाच्या पानावरील किमान गरजा वाचाव्यात आणि त्या काठावर असतील तर डेमोची वाट पाहावी. विकत घेतल्यानंतरही चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास पैसे परत मागता येतात.

प्रतिसाद : साखळीची वाचक

'फिशबोल' आपण पुतणीसोबत बसूनच खेळावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. शोक हा विषय मुलांपासून लपवण्याचा नाही, पण मध्येच थांबून बोलायला शेजारी कोणीतरी असावे. इंग्रजीची अडचणही त्यामुळे सुटेल, कारण मोठ्याने वाचून दाखवता येईल.

डेमोबाबत माझा निकष असा आहे : डेमो संपल्यावर मला कथेतील पुढचे वळण आठवते, की हाताला ती हालचाल पुन्हा करावीशी वाटते, हे मी पाहते. कथा पुढे ढासळू शकते. हाताला बसलेली चांगली गोष्ट सहसा टिकते. 'बलाट्रो'चा डेमो खेळलेल्या अनेकांना 2024 मध्ये पूर्ण गेम येण्याआधीच खात्री पटली होती, ती याच कारणाने. आपण 'मीना'बद्दल जे लिहिले आहे, त्यात मला तेच दिसते. प्रत्येक डेमोची चांगली पारख करायची असेल, तर फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमधील नेक्स्ट फेस्ट या स्टीमवरील आगामी गेम्सच्या डेमो-महोत्सवाच्या आठवड्यात थोडेच डेमो निवडून ते पूर्ण खेळावेत.

तारखांचे म्हणाल, तर दोन्ही टोकांची उदाहरणे आहेत. 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' 2019 च्या फेब्रुवारीत जाहीर झाला आणि 4 सप्टेंबर 2025 रोजी आला, वाट पाहणाऱ्यांचा विश्वास सार्थ ठरला. 'सेलेस्ट'च्या निर्मात्यांचा 'अर्थब्लेड' मात्र 2025 च्या जानेवारीत रद्द झाला, आणि तो तितक्याच आस्थेने यादीत ठेवलेला होता. विशलिस्टला पैसे पडत नाहीत. त्यामुळे निर्माते अधूनमधून काम दाखवत असतील, तोवर नाव काढू नये, असे मला वाटते.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. 'मीना' आणि 'फिशबोल' यादीत पक्के केले. 'हॉन्टेड चॉकलेटियर'ही राहील. 'बिग वॉक' सध्या ठेवतो, पण डेमो किंवा किमान गरजांविषयी निश्चित माहिती हाती आल्याशिवाय सुट्टीचा बेत त्यावर आखणार नाही. आता एकाच पडद्यासमोर दोघा-तिघांना खेळता येईल, मजकूर कमी असेल आणि साध्या लॅपटॉपवर चालेल, असा येऊ घातलेला एखादा गेम कोणाच्या पाहण्यात असल्यास कृपया सुचवावा. डेमो उपलब्ध असेल तर पुतणीसह खेळून त्याचे मत इथेच लिहीन.