चार डोंगर, एकच गमबूट: कायट्रिड (बेडकांना मारणारी बुरशी) पसरू नये म्हणून काय करावं?

ओढाकाठ:
प्रदेशनिष्ठ बेडकांच्या पाहणीत आठवडाभरात चार वेगळ्या डोंगरांवरचे ओढे करायचे आहेत. गमबूट आणि जाळी एकच संच. रात्रभर वाळवलं तर भागेल का, की ब्लीच हवंच?

चिखल्या:
वाळवण्यावर भिस्त नको. कायट्रिड बुरशी पूर्ण कोरडी पडली तर साधारण ३ तासांत मरते, पण जाळीची शिवण आणि तळव्याच्या खाचा दमट हवेत रात्रभरातही वाळत नाहीत. शिवाय रानाव्हायरस, म्हणजे बेडकांना होणारा दुसरा एक विषाणू, नुसत्या वाळवण्याने जाईल असं धरू नका. तो कासवांनाही लागतो.

आधी ब्रशने चिखल काढा, त्याच ओढ्याच्या पाण्याने. ही पायरी गाळायची आणि मग औषधाला नावं ठेवायची, असं बहुतेक ठिकाणी चालतं. मातीतच ब्लीचचा जोर संपतो. नंतर व्हर्कॉन एस या जंतुनाशक पावडरीचं १ टक्का द्रावण (लिटरला १० ग्रॅम), त्यात ५ मिनिटं बुडवून ठेवा. गुलाबी रंग उडाला की द्रावण बाद. ते ओढ्यात ओतू नका, जलचरांना घातक आहे. कॅलिपरला (मापं घ्यायच्या साधनाला) ७० टक्के इथेनॉल, १ मिनिट.

ओढाकाठ:
आणि टॅडपोल (बेडकांची पिल्लं) हाताळताना?

पाणवठा:
लॅटेक्सचे हातमोजे अजिबात नकोत, त्यांनी टॅडपोल मरतात. विनाइलचे घ्या, तेही आधी खळखळून धुऊन. मोठ्या बेडकांसाठी दर बेडकाला नवा मोजा, नवी पिशवी. ओढा वरून खाली करत या, पाणी तसंही खालीच जातं. आजाराचा संशय असलेला डोंगर शेवटी ठेवा.

दगडफूल:
दगड उलटून पाली शोधणार असाल तर दगड आधी होता तसा बसवा, मग पाल कडेला सोडा. ती आपली आपण आत शिरते. उलट केलंत तर चिरडते.

जागा उघड करण्याबद्दलही सांभाळा. इंडोनेशियातल्या रोटी बेटावरच्या कासवाचं (केलोडिना मॅककॉर्डी) वर्णन १९९४ मध्ये झालं आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापाराने ते जवळपास संपवलं. आयनॅचरलिस्ट (निसर्गनोंदींची वेबसाइट) धोक्यातल्या जातींचं ठिकाण आपोआप धूसर करतं, पण नव्याने वर्णन झालेल्या जातीला अजून ‘धोक्यातली’ असा दर्जाच नसतो, त्यामुळे ती उघडी राहते. तिथे ‘ऑब्स्क्युअर्ड’ (ठिकाण धूसर) हा पर्याय स्वतः निवडा. आणि ग्रुपवर मूळ फाइल टाकण्याआधी फोटोतलं जीपीएस काढा.