'केदार' या स्पॅनिश क्रियापदाचे अर्थ लागत नाहीत, मदत हवी

मृण्मयी_क
स्पॅनिशच्या बी१ (मध्यम पातळी) परीक्षेची तयारी चालू आहे. शब्दकोशात 'केदार' म्हणजे 'राहणे' दिलंय, पण ही वाक्यं त्यात बसत नाहीत:
१) मे केदान त्रेस नारांखास.
२) ला कामिसा मे केदा ग्रांदे.
३) केदामोस आ लास सिएते.
४) मे लो केदो. (दुकानातला संवाद)
प्रत्येक अर्थ वेगळा पाठ करायचा का?

भाषापंडू
नको. लॅटिन मुळात 'शांत, स्थिर होणे' हा भाव आहे. खर्च, बोलणी, हालचाल संपली की जे स्थिरावतं ते केदार. म्हणून मराठीत कुठे 'उरणे', कुठे 'ठरणे', कुठे 'थांबणे'.

खरी गोची 'मे'ची (पहिल्या दोन वाक्यांत 'मला') आहे. आधी कर्ता शोधा. पहिल्यात कर्ता संत्री: माझ्याकडे तीन संत्री उरली. (नारांखा म्हणजे आपलं नारिंगच, फारसी-अरबीतून तिकडे पोचलेलं.) दुसऱ्यात कर्ता शर्ट: शर्ट मला मोठा होतो. मराठीची रचना हुबेहूब तीच आहे, त्यामुळे इंग्रजीवरून भाषांतर करूच नका. तिथे 'मी' कर्ता होतो आणि क्रियापद चुकतं.

ही जोडी मोठ्याने म्हणून बघा:
ते केदान दोस ओरास: तुझ्याकडे दोन तास उरलेत.
ते केदास दोस ओरास: तू दोन तास थांबतोस.
फरक फक्त न आणि स चा. पहिल्यात क्रियापद तासांच्या मागे गेलंय, 'ते' म्हणजे 'तुला'. दुसऱ्यात ते 'तू'च्या मागे गेलंय, म्हणजे मूळ क्रियापद 'केदार्से' (केदारला 'से', म्हणजे 'स्वतः', जोडलेलं रूप). चौथं वाक्यही केदार्सेचं: 'हे मी ठेवतो', म्हणजे 'हे घेतो'. लॅटिन अमेरिकेत दुकानात 'मे लो येबो' (हे मी नेतो) जास्त चालतं.

तोलेदो_वारी
तिसऱ्याबद्दल. 'केदामोस' वर्तमानकाळातही तेच आणि साध्या भूतकाळातही तेच. 'सातला भेटायचं ना?' की 'सातला भेटायचं ठरलं', हे संदर्भावरूनच कळतं. माणसासोबत 'कोन', ठरलेल्या गोष्टीसोबत 'एन':
केदे कोन मार्ता: मार्ताशी भेट ठरवली.
केदामोस एन येगार तेम्प्रानो: लवकर पोचायचं ठरलं.
भेटीसाठी 'केदार कोन' मुख्यतः स्पेनमध्ये ऐकू येतं, मेक्सिकोत सरळ 'नोस बेमोस' (भेटू) म्हणा. आणि इथे चुकून 'से' लावू नका. 'केदार्से कोन' म्हणजे एखादी वस्तू स्वतःकडे ठेवणे, आणि स्पेनच्या बोलीत माणसाबाबत वापरलं तर त्याची खेचणे.

शब्दवेल्हाळ
अजून दोन. पत्ता विचारताना 'दोंदे केदा ला एस्तासिओन?' हे फक्त जागेवरून न हलणाऱ्या गोष्टींसाठी. किल्ल्या शोधताना 'एस्तार' (असणे) हेच क्रियापद.

दुसरं, बदललेली अवस्था: केदार्से सोर्दो (बहिरं होणे), दोर्मीदो (झोप लागणे), सिन गासोलिना (पेट्रोल संपणे). 'से केदो एम्बारासादा' तर मराठीला अगदी जवळचं: ती गरोदर राहिली! 'एम्बारासादा'चा अर्थ 'ओशाळलेली' नव्हे, हे पक्कं करा. इथे आघात 'दो'वर. 'मे केदो'त (मी राहते) तो 'के'वर. देवनागरीत हा फरक दिसत नाही, त्यामुळे वहीत आघाताची खूण कराच.

मृण्मयी_क
'मला मोठा होतो' कळलं एकदम! मग 'माझ्याकडे दोन युरो उरलेत' म्हणजे 'मे केदा दोस एउरोस'?

भाषापंडू
केदान. युरो दोन आहेत, क्रियापद त्यांच्यामागे जाणार. एकच उरला असता तर 'मे केदा उन एउरो'.